पाटीतून जाळीकडे

मे महिन्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फळबाजार आंब्याने व्यापलेला असतो. गाळ्यांपुढे हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या, शेजारी कलिंगडांचे ढीग, मोसंबी, पपई, चिकू. या प्रत्येक फळामागे एक शेतकरी असतो, त्याने लावलेली बाग असते, खताचा आणि फवारणीचा हिशेब असतो. त्याच दिवसांत फळबाजाराच्या कडेला आणि यार्डाबाहेरच्या रस्त्यांवर पानं अंथरलेल्या पाट्या दिसू लागतात. त्यांत काळी करवंदं असतात. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या भागांतल्या डोंगरांवरून ती येतात. बाकी मालापेक्षा ती एका बाबतीत वेगळी असतात. ती कुणी लावलेली नसतात. त्यांना कुणी पाणी घातलेलं नसतं. सह्याद्रीच्या उतारावर झुडूप आपलं आपण वाढलं, फळलं आणि कुणीतरी पहाटे काट्यांत हात घालून एकेक फळ तोडून आणलं, एवढाच या मालाचा इतिहास.

करवंद न ओळखणारा पुणेकर सहसा सापडत नाही. पण त्याच माणसाला ऑगस्टमध्ये टेकडीवर करवंदीच्या झुडपापुढे उभं केलं, तर बहुतेक वेळा तो 'काटेरी झुडूप' एवढंच सांगतो. फळ नसलं की ओळख संपते. करवंदीला फळ वर्षातून जेमतेम दोन महिने असतं. उरलेले दहा महिने ती पानं, काटे, चीक आणि फुलं यांच्या रूपाने डोंगरावर असते आणि तिचं खरं काम त्या दहा महिन्यांत चालू असतं. म्हणून या प्रकरणात पाटीतल्या फळापासून सुरुवात करून झुडपापर्यंत जायचं आहे.

पाटीतलं एक करवंद उचलून नीट पाहू. आकार गोल किंवा किंचित लांबट, व्यास साधारण दीड-दोन सेंटिमीटर, रंग जांभळट काळा, त्यावर हलकी चमक. देठाशी पाच इवल्या पाकळ्यांसारखं काही चिकटलेलं दिसेल. तो फुलाचा उरलेला निदलपुंज, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. फळाचं दुसरं टोक गुळगुळीत असतं. शेजारच्या पाटीत जांभळं असतील तर एक जांभूळ हातात घ्या. तिथे उलट प्रकार आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला एक खोलगट वाटीसारखी कड असते, तो जांभळाच्या फुलाचा अवशेष. म्हणजे जांभळाच्या फुलात बीजकोश खाली आणि बाकीचे भाग त्याच्या डोक्यावर असतात, तर करवंदाच्या फुलात बीजकोश वर असतो आणि निदलं त्याच्या तळाशी राहतात. दोन फळांची टोकं पाहून न पाहिलेल्या दोन फुलांची रचना कळते.

आता करवंद चिरू. सालीपासून मध्यापर्यंत सगळा गर मऊ, आणि त्यात दोन-चार, कधी थोड्या अधिक, चपट्या तपकिरी बिया. बीभोवती टणक कवच, म्हणजे आठळी, नाही. वनस्पतिशास्त्र अशा फळाला मृदुफळ म्हणतं. टोमॅटो, वांगं, द्राक्ष आणि पेरू ही याच गटातली. महाबळेश्वरहून येणारी स्ट्रॉबेरी मात्र या व्याख्येत बसत नाही. तिचा खाण्याचा भाग म्हणजे फुलाचं फुगलेलं तळ. खरी फळं म्हणजे तिच्या अंगावरचे ते बारीक दाणे. बोराला आठळी असते म्हणून तेही मृदुफळ नाही. करवंद मात्र काटेकोर अर्थाने मृदुफळ आहे.

चिरलेल्या करवंदाचा आतला रंग प्रत्येक वेळी सारखा नसतो, हे महाराष्ट्रातल्या मुलांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. करवंद दातांनी अर्धं तोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं-गुलाबी निघालं तर कोंबडी. खेळ म्हणून आपण हे करत आलो, पण हे चांगलं निरीक्षणही आहे. सालीतला आणि गरातला लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. ती सालीत आणि गरात किती उतरतात, हे झुडपाझुडपावर आणि पिकण्याच्या टप्प्यावर अवलंबून असतं. या रंगद्रव्यांचा आणखी एक गुण घरच्या घरी पाहता येतो. आंबट रसात ती लाल राहतात आणि साबणाच्या पाण्यात निळसर होतात. करवंदाचा लाल डाग साबण लावताच निळा-जांभळा दिसू लागतो तो त्यामुळे.

आणखी एक गोष्ट पाटीतच दिसते. अर्धवट पिकलेलं करवंद देठापासून तोडलं की तिथे पांढऱ्या चिकाचा थेंब येतो. पुरतं पिकलेल्या फळात तो कमी होतो, तरी चार-सहा करवंदं खाल्ली की ओठ एकमेकांना चिकटू लागतात. लोणच्यासाठी कच्ची करवंदं घेणाऱ्या बायका ती चिरून मिठाच्या पाण्यात टाकतात, ते हा चीक काढायलाच. चीक हा करवंदीच्या ओळखीतला फार मोठा पुरावा आहे. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता झुडपाकडे. करवंदी सदाहरित आहे. मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीचे पूर्वेकडचे उतार वाळून पिवळे पडतात, साग निष्पर्ण होतो, गवत जळून जातं, तेव्हा उतारावर जे गडद हिरवे गोल ठिपके दिसतात त्यांत करवंदीच्या जाळ्या पुष्कळ असतात. झुडूप सहसा माणसाच्या उंचीचं किंवा थोडं अधिक. शेजारच्या झाडाचा आधार मिळाला तर फांद्या त्यात चढतात. पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. ती जाडसर, चामड्यासारखी, वरून चकचकीत गडद हिरवी, खालून फिकी, अंडाकृती, टोकाशी बोथट, चार-सहा सेंटिमीटर लांब. कडेला दाते नाहीत. कोवळी पानं तांबूस असतात.

काटे पाहायचे ते नीट पाहावेत. करवंदीचे काटे सरळ, कडक, जोडीने येतात आणि काही वेळा त्यांच्या टोकाला पुन्हा दोन फाटे फुटतात. जिथे फांदी दुभंगते, नेमके तिथे ते असतात. गुलाबाचा काटा सालीवर उगवलेला असतो, बोटाने बाजूला ढकलला तर सालीसकट निघून येतो. करवंदीचा काटा निघत नाही, कारण तो खोडाचाच भाग आहे. फांदीच्या टोकाचा कोंब वाढत राहण्याऐवजी काट्यात बदलतो. टोक असं बंद झालं की त्याच्या दोन बाजूंचे कोंब पुढे वाढतात, मग त्यांची टोकं काटे होतात, आणि पुन्हा दोन-दोन फांद्या. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की अशी गुंतवळ तयार होते की आत हात घालता येत नाही. डोंगरावरची माणसं करवंदीच्या झुडपाला 'जाळी' म्हणतात ती या रचनेमुळे. काटा आणि जाळी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच वाढीच्या रीतीतून दोन्ही घडतात. हे समजल्यापासून मला करवंदीचं झुडूप लांबूनही ओळखू येऊ लागलं. नजर फळ शोधत नाही, दुभंगलेल्या फांदीच्या बेचक्यातली काट्यांची जोडी शोधते.

फुलं साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतात. फांद्यांच्या टोकांना झुबके, पांढरीशुभ्र, कधी गुलाबी झाक असलेली, बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी पसरलेल्या पाच पाकळ्या. पाकळ्या भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या एका दिशेने किंचित वळलेल्या असतात. सुगंध जाई-कुंदाची आठवण करून देणारा. कित्येक जण हे झुडूप फुलावर असताना त्याला रानजाई समजतात. शंका आली तर एक पान तोडा. पांढरा चीक आला तर करवंदी. जाईला चीक नसतो.

डोंगरावर करवंदीच्या शेजारी वाढणारी काही झुडपं नवख्याला फसवतात. गेळ हे त्यातलं पहिलं. त्याचेही काटे सरळ आणि जोडीने, पानंही जोडीने. पण गेळाचं पान मऊ, त्याला चीक नाही, आणि फळ पिवळट, पेरूच्या पोराएवढं, टोकाला मुकुटासारखी निदलं असलेलं. त्या फळाचा उपयोग ओढ्यात मासे गुंगवण्यासाठी केला जातो, खाण्यासाठी नाही. हेकळीला काटे असतात, पण पानं एकाआड एक येतात आणि चीक नसतो. तोरणाची फळं करवंदांच्याच दिवसांत येतात, पण ती पांढरी, आणि पानावर तळापासून निघालेल्या तीन ठळक शिरा असतात. मुलांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं ते घाणेरीला. तिची पिकलेली फळं काळी असतात, पण ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी आणि घोसात. पान खरखरीत, चुरगळलं की उग्र वास, खोड चौकोनी. घाणेरीची हिरवी फळं विषारी असतात. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. पुण्याच्या टेकड्यांवर आज करवंदीची जागा कुणी घेतली असेल, तर बऱ्याच ठिकाणी तिने.

या सगळ्या तपासणीचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. पानं जोडीने आहेत का, बेचक्यात काट्यांची जोडी आहे का, पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर सह्याद्रीच्या डोंगरात तुमच्यापुढे जवळजवळ नक्कीच करवंदी आहे.

चीक आला की आपल्याकडे मनात भीती येते, आणि ती अनाठायी नाही. करवंदी ज्या कुळातली आहे ते कण्हेरीचं कुळ. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, तगर, सदाफुली, चाफा, सातवीण, कुडा, सर्पगंधा ही सगळी तिची नातलग. कण्हेरीच्या आणि बिट्टीच्या बियांत, पानांत हृदयाचे ठोके बिघडवणारी विषं असतात आणि त्यांनी माणसं दगावतात. करवंदीची सगळ्यात जवळची भावकी तर आफ्रिकेत आहे. अ‍ॅकोकॅन्थेरा नावाची ही झुडपं दिसायला करवंदीसारखीच आहेत: जोडीची चामट पानं, पांढरी सुगंधी फुलं, काळसर फळं. पूर्व आफ्रिकेतले शिकारी त्यांच्या लाकडापासून आणि सालीपासून बाणांना लावायचं विष करत आले आहेत. त्यातल्या विषाचं नाव वाबेन. तिथे राहणारा एक केसाळ उंदीर हीच साल चावून लाळेबरोबर आपल्या अंगावरच्या खास केसांना लावतो, आणि मग त्याला तोंड लावणारा कुत्रा मरूही शकतो. उंदराची ही रीत २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध करून दाखवली. अशा भावकीतलं झुडूप आपल्याला पाटीभर खाण्याजोगं फळ देतं, हे मला या वनस्पतीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. त्यातून एक शहाणपणही येतं. 'एक खाता येतं म्हणून त्याच्यासारखं दिसणारं दुसरंही खाता येईल' हा तर्क या कुळात कधीही लावू नये. करवंदाचंही पिकलेलं फळ खायचं, कच्चं लोणच्याला किंवा चटणीला घ्यायचं. मुळांना उग्र वास असतो आणि ती वैद्याच्या हातचं औषध आहेत, स्वयंपाकघरातली वस्तू नव्हेत.

त्या मुळांची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पाच काटेरी वनस्पतींच्या मुळांचा एक गट दिला आहे, कंटकपंचमूळ, आणि त्यात करमर्द म्हणजे करवंद आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात मोठ्या फळाचा करमर्द आणि लहान फळाची करमर्दिका असे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत. हे दोन प्रकार आजच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनाही सुटसुटीत उलगडलेले नाहीत. लिनियसने १७६७ मध्ये करवंदाला कॅरिसा कॅरंडास हे नाव दिलं. उत्तर भारतात आणि बंगालमध्ये बागांतून, कुंपणातून लावतात तो करौंदा या नावाखाली येतो. त्याची फळं मोठी, कच्ची असताना पांढरी-गुलाबी. सह्याद्रीतली रानकरवंदी थोडी वेगळी दिसते: फळ लहान, पिकल्यावर काळं, चव गोडीकडे झुकणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रॉबर्ट वाइट या वनस्पतितज्ज्ञाने या रानटी रूपाला कॅरिसा कंजेस्टा म्हटलं. महाराष्ट्रातल्या अनेक वनस्पतिसूचींत रानकरवंदी याच नावाने आढळते, तर काही अभ्यासक दोन्ही एकच मानून लिनियसचं नाव चालवतात. या वादात सामान्य माणसाने पडायचं कारण नाही, पण पुण्यात त्याची साधनं हाताशी आहेत, हे सांगायला हवं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातलं झाडझुडूप ओळखायला तो आजही उघडला जातो. १९५५ साली पुण्यात सुरू झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात वाळवून जपलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

बागेतल्या त्या मोठ्या करौंद्याला मार्केट यार्डात वेगळं दार आहे. तो पाटीतून येत नाही, पाकात मुरून येतो. मसाला आणि सुकामेव्याच्या दुकानांत किलोवर मिळणारी ती लालभडक 'चेरी' आठवा. पानवाल्याच्या विड्यावर, बेकरीच्या केकवर आणि आइस्क्रीमवर बसते ती. ती पुष्कळदा चेरी नसून करवंद असतं. कच्ची फळं मिठाच्या पाण्यात ठेवून चीक काढतात, बी काढतात, गंधकाच्या वायूने रंग उडवतात, मग एरिथ्रोसिन हा लाल रंग देऊन साखरेच्या पाकात मुरवतात. हाच रंग निवडण्यामागे कारण आहे. आंबट माध्यमात तो विरघळत नाही, म्हणून फळातच बसून राहतो, केकच्या पांढऱ्या सायीवर उतरत नाही. हे फळ पाकात विरघळून न जाता टणक राहतं त्याला त्यातलं भरपूर पेक्टिन कारण आहे. घरी करवंदाची जेली करणाऱ्यांनी म्हणूनच पूर्ण काळी फळं न घेता नुकती लालसर झालेली निम्मी तरी घ्यावीत. पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही तेव्हाच जास्त असतात.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात निवडून दिली आहे, पंतनगरच्या विद्यापीठाच्याही जाती आहेत. कमी पाण्यात, हलक्या जमिनीत येणारं पीक म्हणून करवंद लावणाऱ्यांनी त्या जरूर पाहाव्यात. पण फळ मोठं झालं म्हणजे करवंदी जपली गेली असं मला वाटत नाही, कारण डोंगरावर तिचं काम फळापुरतं नाही.

ते काम जाळीच्या आत होतं. चरणाऱ्या उतारावर झाडाचं रोप उघड्यावर रुजलं तर शेळी-गाई ते पहिल्याच पावसाळ्यात खुडतात. तेच बी करवंदीच्या जाळीत पडलं, तर तिथे सावली असते, वाळलेल्या पानांचा थर असतो, ओल टिकते आणि काट्यांमुळे जनावराचं तोंड पोहोचत नाही. ओसाड दिसणाऱ्या उतारावर नीट पाहिलं तर जाळीच्या मधोमध एखादं जांभूळ, ऐन, हिरडा किंवा आंबा वर निघालेला दिसतो. बी तिथे पडतं तेही पुष्कळदा योगायोगाने नाही. करवंदं खायला बुलबुल येतात, उदमांजर, कोल्हा, मुंगूस येतात. दुसरीकडे खाल्लेल्या फळांच्या बिया ते या जाळीत टाकून जातात आणि करवंदाच्या बिया दुसऱ्या उतारावर नेतात. ससे, तित्तर, लावे याच जाळीत दडतात. वणव्यात जाळी वरून जळली तरी पावसात बुंध्यातून पुन्हा फुटते. तुटलेल्या, चरलेल्या, जळलेल्या डोंगरावर रान परत यायचं असेल तर त्याची सुरुवात बहुतेक वेळा करवंदीच्या जाळीतून होते.

म्हणूनच पुण्याच्या टेकड्यांवर गेल्या काही दशकांत 'वृक्षारोपणा'च्या नावाखाली जे झालं, त्याचं मला मनापासून दुःख होतं. टेकडी हिरवी करायची म्हणून मूळची झुडपं काढली गेली आणि तिथे मध्य अमेरिकेतून आलेली गिरिपुष्पाची झाडं ओळीने लावली गेली. ती भराभर वाढतात हे खरं. पण त्यांच्याखाली करवंदी, हेकळ, गेळ यांचं मूळचं झुडपी रान परत यायला वाव राहत नाही. खुरटं झुडपी रान म्हणजे मोकळी, वाया गेलेली जमीन, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्या जैववैविध्य उद्यानासाठी राखून ठेवल्या गेल्या, त्यामागे नागरिकांचा मोठा लढा आहे. तिथे पुढे काय लावायचं हा प्रश्न येईल तेव्हा पहिलं उत्तर 'आहे ती जाळी तोडू नका' हे असायला हवं.

जाळीला आणखी एक वाटेकरी आहे, आणि तो मार्केट यार्डापर्यंत चालत येतो. करवंदं तोडून आणणाऱ्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी आणि धनगर कुटुंबातल्या बायका मोठ्या संख्येने असतात. उन्हं चढायच्या आत तोडणी करावी लागते, कारण तापलेलं फळ पाटीत लवकर पाझरतं. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, शीतगृहात ठेवून भाव येण्याची वाट पाहता येत नाही. तोडल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात पोहोचायचं आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी करायची. हातांवर काट्यांचे ओरखडे आणि चिकाने काळी पडलेली बोटं. द्रोणात किंवा मापाने विकताना 'डोंगरची काळी मैना' ही आरोळी पुणेकरांना पाठ आहे. तिच्या मागे किती चाल आहे, ते मात्र भाव पाडून मागताना आठवत नाही. आंब्याच्या पेटीचा भाव ठरवताना बाग, मजुरी, वाहतूक धरली जाते. करवंदाच्या भावात फक्त तोडणारीचे हात असतात, दुसरं काहीच नसतं. त्यामुळे तिथे केलेली घासाघीस थेट तिच्या मजुरीतून जाते.

कायद्याने तिची बाजू भक्कम केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना आणि पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतर वनवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. करवंद त्या गौण वनोपजातच येतं. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक असलेल्या कातकऱ्यांकडे शेतजमीन फारशी नाही, आणि उन्हाळ्यातल्या या आठवड्यांत रोख पैसा देणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी आहेत त्यांत ही पाटी आहे. जिथे जाळी भूखंडाच्या कुंपणाआड गेली, तिथे कागदावरचा हक्क असूनही तोडायला झुडूप उरत नाही. सिंहगडाच्या आणि मुळशीच्या वाटांवर जुन्या जाळ्यांच्या जागी बंगल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. तोडणाऱ्या बायकांना त्यामुळे अधिक लांब चालावं लागतं, आणि पाटी शहरात पोहोचायला उशीर होतो.

हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून वळवाचे एक-दोन पाऊस होईपर्यंत. पाऊस पडला की फळात पाणी भरतं, चव फिकी होते, अळी पडते, आणि जाणती माणसं करवंद खायचं थांबतात. ज्येष्ठातल्या वटपौर्णिमेला आंबा, फणस, जांभूळ, केळ यांच्याबरोबर वाणात करवंद लागतं, त्यामुळे शेवटच्या पाट्यांना त्या आठवड्यात पुन्हा मागणी येते. त्यानंतर यार्डात करवंद दिसत नाही.

बियांसाठी मात्र हीच वेळ योग्य. खाल्लेल्या पिकलेल्या करवंदांच्या बिया धुऊन, गर पुसून, सावलीत दिवसभर ठेवाव्यात आणि लगेच पेराव्यात. करवंदाचं बी जुनं झालं की उगवत नाही. डबीत घालून पुढच्या वर्षासाठी ठेवणं व्यर्थ. पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं खत घालून अर्धा इंच खोल बी लावलं की पावसाच्या ओलीवर रोपं निघतात. पुढच्या पावसाळ्यात ती जमिनीत लावावीत. कुंपण करायचं असेल तर दोन-तीन फुटांवर एक, मोकळी वाढवायची असतील तर पाच-सहा फूट सोडून. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला थोडं पाणी पुरतं, नंतर तेही लागत नाही. छाटणी केली तर फळ काढून झाल्यावर करावी, कारण फुलं नव्या फुटीच्या टोकांना येतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास पहिली फळं धरतात.